मित्रांसोबत हामटा खिंड ओलांडताना: सह्याद्रीतल्या भटक्यांसाठी पूर्वतयारी आणि वाटचाल

सह्याद्रीत अनेक वर्षे एकत्र हिंडलेल्या मंडळींच्या मनात हिमालयातली एखादी उंच खिंड ओलांडण्याचा विचार येतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन नावांत हामटा खिंडीचे नाव हमखास असते. आपल्याकडे बरेच जण तिला ‘हम्पता पास’ म्हणतात. हिमाचल प्रदेशातील कुल्लूचे हिरवेगार खोरे आणि लाहौलचा उघडाबोडका, कोरडा प्रदेश यांच्यामध्ये पीर पंजाल रांग उभी आहे आणि त्या रांगेत ४,२७० मीटर उंचीवर ही खिंड आहे. गद्दी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या आपले कळप घेऊन या वाटेने ये-जा करीत आले आहेत. चालणे चार दिवसांचे आहे आणि दोर लावण्याची वेळ सहसा येत नाही. त्यामुळे ही वाट सोपी मानली जाते. पायांपुरते बोलायचे तर ते खरेही आहे. परंतु या वाटेवर माणूस अडचणीत येतो तो बहुधा पाय थकल्यामुळे नव्हे, तर उंचीचा हिशेब चुकल्यामुळे आणि मित्रांना वेळेवर खरे न सांगितल्यामुळे. म्हणून सॅक भरण्याच्या यादीआधी या दोन गोष्टींविषयी सविस्तर लिहितो.

निघण्यापूर्वीची बैठक

गट सहा ते आठ जणांचा असावा. त्याहून मोठ्या गटात एखाद्याची तब्येत बिघडलेली इतरांच्या ध्यानात येत नाही आणि चारहून लहान गटात एकाला खाली न्यायचे झाल्यास बाकीच्यांची वाटणी नीट होत नाही. स्थानिक वाटाड्या आणि घोडेवाले मनालीतून अथवा जवळच्या प्रीणी गावातून सोबत घ्यावेत. पूर्वी कोणी ही वाट केलेली असली, तरी वाटाड्याशिवाय जाऊ नये, कारण बर्फाचे पूल, नाल्यांची पात्रे आणि मोरेनवरची, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या ढिगाऱ्यांवरची, पायवाट दर हंगामात बदलत असते.

जाण्याच्या महिनाभर आधी सर्वांनी एकत्र बसून काही गोष्टी स्पष्ट शब्दांत ठरवाव्यात आणि लिहून ठेवाव्यात. लीडर कोण, हे ठरवावे आणि चालण्याच्या काळात त्याचा व वाटाड्याचा शब्द अखेरचा मानावा. परत फिरण्याची वेळ आल्यास आजारी माणूस एकटा परत जाणार नाही, त्याच्यासोबत कोण जाईल, हे आधीच नावानिशी ठरवावे. हा दुसरा माणूस आधी ठरलेला नसेल, तर आजारी माणूस आपला त्रास लपवतो. आपल्यामुळे कोणाची तरी सुट्टी आणि पैसे वाया जातील, हे ओझे त्याला डोकेदुखीपेक्षा जड वाटते. सामाईक खर्चात अचानक करावी लागणारी जीप, मनालीतला एखादा जास्तीचा मुक्काम आणि डॉक्टर यांसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी, म्हणजे परत फिरण्याच्या निर्णयात पैशांचा प्रश्न आडवा येत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. आमच्या गटातील एका मित्राने बालू का घेरा येथील, म्हणजे खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या, मुक्कामी दुपारपासून डोके दुखत असल्याचे कोणालाच सांगितले नाही, कारण सगळी तिकिटे त्यानेच काढली होती आणि बेतही त्याचाच होता. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या तेव्हा गोष्ट उघड झाली. पहाटे मी आणि आणखी एक जण त्याला घेऊन जिथून पायवाट सुरू होते त्या जोबऱ्याकडे उतरलो आणि चिका या पहिल्या मुक्कामाच्या खाली आल्यावर तो चालता-बोलता झाला. त्याला बोलता न येण्यात आमचाही वाटा होता, हे मला त्या उतरणीवर उमगले. सह्याद्रीतल्या चढावर ‘अरे, एवढ्याने काय होतंय, चल!’ असे म्हणून एकमेकांना ओढून नेण्याची आपल्याला सवय असते. तिथे ते प्रेमाचे असते आणि बहुतेक वेळा उपयोगी पडते. तीन हजार मीटरच्या वर मात्र हे वाक्य कोणी उच्चारू नये, असा नियमच करावा.

उंचीचा हिशेब

महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि मनाली गाव सुमारे २,०५० मीटरवर वसलेले आहे. म्हणजे आपण आयुष्यात जिथवर चढलो, त्याच्याही वर आपला हा प्रवास सुरू होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असते, परंतु उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि खिंडीच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के उरतो. प्रत्येक श्वासात तेवढाच कमी प्राणवायू मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, मात्र त्याला दिवस द्यावे लागतात आणि त्या जुळवणीचा व्यायामाशी फारसा संबंध नाही. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही उंचीचा त्रास होऊ शकतो. किंबहुना तो वेगाने चढतो म्हणून त्याला लवकर होऊ शकतो.

साधारण नियम असा आहे की, ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा कितीही वर जाऊन आले तरी चालते, मोजायची ती झोपण्याची जागा. आता हामट्याचे मुक्काम पाहू. चिका सुमारे ३,१०० मीटर, बालू का घेरा सुमारे ३,६०० मीटर आणि खिंडीपलीकडचे शिया गोरू सुमारे ३,९०० मीटरवर आहे. वरचे टप्पे नियमात बसतात; घात होतो तो पहिल्या टप्प्यात. दिल्लीहून किंवा चंदीगडहून रात्रभर बसने येऊन सकाळी मनालीत उतरायचे, तासाभरात जीपमध्ये बसायचे आणि त्याच संध्याकाळी चिकाला तंबूत झोपायचे, असा बेत अनेक जण करतात. सपाटीवरून तीन हजार मीटरवर चोवीस तासांत पोहोचण्याचा हा उद्योग करू नये. मनालीत दोन रात्री काढाव्यात आणि सुट्टी पुरत असेल, तर चिकालाही दुसरी रात्र काढून दिवसा आसपासच्या उतारावर दोन-तीनशे मीटर चढून यावे. सुट्टीचा एखादा दिवस वाढवता येत असेल, तर तो वाट संपल्यावर पाहायच्या चंद्रताल सरोवरासाठी न ठेवता इथे खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांत त्रासाची लक्षणे दिसू लागतात. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, अन्नावरची वासना उडणे, विलक्षण थकवा किंवा चक्कर यांपैकी काहीही असल्यास, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा. अशा माणसाने त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी आणि लक्षणे पूर्ण जाईपर्यंत वर पाऊल टाकू नये. लक्षणे वाढली तर खाली उतरावे. यापुढच्या दोन अवस्था जिवावर बेतणाऱ्या आहेत. मेंदूला सूज आली की माणूस असंबद्ध बोलतो, विचित्र वागतो आणि त्याचा तोल जातो. जमिनीवर सरळ रेषा आखून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितले, तर त्याला ते जमत नाही. फुप्फुसात पाणी साचू लागले की स्वस्थ बसलेला असतानाही दम लागतो, कोरडा खोकला सुरू होतो, ओठ निळसर पडतात आणि पुढे गुलाबी फेसाळ थुंकी पडते. हा प्रकार बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री उद्‌भवतो. दोन्ही अवस्थांत एकच मुख्य उपाय आहे आणि तो म्हणजे तात्काळ खाली उतरणे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत वा पाऊस पडत असो. प्राणवायूचा सिलिंडर आणि औषधे हे उतरण्याला मदत करणारे उपाय आहेत, त्याला पर्याय नव्हेत.

प्रतिबंधासाठी अनेक डॉक्टर अॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स या नावाने ओळखली जाणारी गोळी, प्रौढांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि चढाईच्या आदल्या दिवसापासून घ्यायला सांगतात. ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असे नाही. मद्य आणि झोपेच्या गोळ्या मुक्काम संपेपर्यंत पूर्ण वर्ज्य कराव्यात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सोबत असावा, परंतु थंड बोटांवर तो भलतेच आकडे दाखवतो, तेव्हा आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. रोज सकाळी निघण्यापूर्वी आणि रात्री जेवणानंतर लीडरने प्रत्येकाला डोके, भूक, झोप आणि लघवी यांविषयी सर्वांसमक्ष विचारावे आणि पहिले उत्तर स्वतःचे द्यावे.

खिंड आणि शिखर यांतला फरक

गड चढताना थकवा आला तर आल्या वाटेने उतरता येते. वर जाणे आणि सुरक्षित होणे या तिथे विरुद्ध दिशा असतात. खिंडीचे तसे नसते. एकदा हामटा ओलांडून शिया गोरूला उतरले की, मागे वळण्याचा मार्ग पुन्हा ४,२७० मीटरवरून जातो आणि पुढे जाण्याचा मार्ग बर्फाळ नाला ओलांडून, जिथे ही वाट संपते त्या छत्रूकडे जातो. त्या मुक्कामी कोणी आजारी पडला, तर त्याला छत्रूकडेच न्यावे लागते आणि रात्री नाल्याला पाणी जास्त असेल, तर पहाटेपर्यंत थांबावे लागते. याउलट, बालू का घेरा येथून जोबऱ्याची मोटारवाट दिवसभरात, बऱ्याचदा त्याहूनही कमी वेळात, गाठता येते. त्यामुळे ‘जायचे की परतायचे’ हा प्रश्न खिंडीच्या माथ्यावर नव्हे, तर बालू का घेरा येथे आदल्या संध्याकाळी सोडवावा लागतो. ज्याला त्या संध्याकाळी डोकेदुखी किंवा मळमळ आहे, त्याने दुसऱ्या दिवशी खिंड चढू नये. एक राखीव दिवस हाताशी असेल, तर सर्वांनी तिथेच थांबावे. तो दिवस हवामान बिघडल्यासही उपयोगी पडतो.

हंगाम आणि शारीरिक तयारी

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत वाट खुली असते. जूनमध्ये खिंडीच्या दोन्ही अंगांना भरपूर बर्फ असते. जुलै-ऑगस्टमध्ये कुल्लूच्या बाजूला पाऊस, फुलांनी भरलेली कुरणे आणि दरडी कोसळून बंद पडणारे रस्ते असतात, तर पलीकडे लाहौल पर्जन्यछायेत असल्याने तिकडे पाऊस कमी पडतो. सप्टेंबरात आकाश स्वच्छ आणि नाले उथळ असतात, मात्र रात्री फार थंड होतात. पहिल्यांदा जाणाऱ्या गटाला मी सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे सुचवीन. हवामानाची हमी कोणत्याच महिन्यात नसते. सप्टेंबर २०१८च्या अखेरीस लाहौलमध्ये अवेळी जोरदार हिमवृष्टी होऊन शेकडो लोक अडकले होते आणि जुलै २०२३मध्ये चंद्रतालजवळ अडकलेल्या अडीचशेहून अधिक पर्यटकांना बर्फातून रस्ता मोकळा करून बाहेर काढावे लागले होते. परतीच्या तिकिटाआधी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत.

तयारी दोन-अडीच महिने आधी सुरू करावी. आठवड्यातून चार दिवस धावणे किंवा भरभर चालणे आणि दोन दिवस आठ-दहा किलोंची सॅक पाठीवर घेऊन जिने चढणे-उतरणे पुरेसे होते. त्याहून महत्त्वाचा आहे तो एकत्र सराव. राजगड ते तोरणा हा डोंगरधारेवरचा दोन दिवसांचा ट्रेक त्याच गटाने, त्याच बुटांनिशी आणि त्याच सॅक घेऊन करावा. कोण चढावर मागे पडतो, कोण पाणी प्यायला विसरतो, कोण थकल्यावर चिडतो आणि कोण गप्प होतो, हे तिथे कळते. गप्प होणाऱ्याची नोंद विशेष लक्षात ठेवावी.

कपडे, पाणी आणि खाणे

आपण पावसाळ्यात नखशिखान्त भिजून गड चढतो आणि त्यात आनंद मानतो. हिमालयात भिजणे धोक्याचे आहे. ओले सुती कपडे, वारा आणि शून्याच्या आसपासचे तापमान एकत्र आले की, शरीराचे तापमान घसरू लागते. आधी थरथर सुटते, मग जीभ जड होते, पाय अडखळतात आणि माणूस ‘मला जरा बसू द्या’ म्हणू लागतो. जून २०२४मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून नऊ ट्रेकर मृत्युमुखी पडले. म्हणून सुती टी-शर्ट आणि जीन्स घरीच ठेवाव्यात. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा कपडा, त्यावर फ्लीस, मुक्कामावर आणि खिंडीत घालायला जाड जॅकेट आणि सर्वांवर वारा-पाऊस अडवणारे जलरोधक जॅकेट व पँट, असे थर असावेत. नुसता पोंचो वाऱ्यात उडतो. झोपण्याचे कपडे व मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि काहीही झाले तरी तो चालताना वापरू नये.

घोट्यापर्यंतचे, चांगली पकड असणारे बूट किमान महिनाभर वापरून मऊ केलेले असावेत. जूनमध्ये जाणार असल्यास गेटर (बुटांत बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायची आवरणे) आणि मायक्रोस्पाइक (बर्फावरच्या पकडीसाठी बुटांवर चढवायचे काटे) घ्यावेत. अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजे बर्फ त्यांतले बरेचसे किरण परत फेकते. त्यामुळे ढगाळ दिवशीही बर्फावर गॉगल उतरवू नये. सामान घोड्यावर दिले, तरी जलरोधक जॅकेट, उबदार थर, हेडटॉर्च, पाणी, खाऊ आणि औषधे पाठीवरच्या छोट्या सॅकमध्येच ठेवावीत, कारण घोडी आणि आपण दिवसभर एकत्र असू याची खात्री नसते.

दिवसाला चार लिटर तरी पाणी, सरबत, सूप आणि चहा मिळून पोटात जावे. खिंडीच्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, म्हणून डाळ-तांदळाला प्रेशर कुकर लागतो. मात्र उकळी आलेले पाणी पिण्यास सुरक्षित असते. वर भूक मंदावते, तेव्हा ओळखीची चव कामाला येते. शेंगदाण्याचे लाडू, खजूर, गुळाची चिक्की आणि रात्रीच्या गरम भातावर घालायला मेतकुटाची छोटी पुडी न्यावी. ज्यांना दुसरा घासही नको होता, त्यांनी मेतकूट-भात मागून घेतलेला मी पाहिला आहे.

प्रत्यक्ष वाट

मनालीहून जीपने वळणावळणांच्या रस्त्याने जोबऱ्याला जावे. मोबाइलची रेंज पुढे छत्रूच्याही पलीकडे जाईपर्यंत मिळणार नाही असे धरून चालावे आणि घरच्यांना परत फोन करण्याचा अंदाजे दिवस सांगून ठेवावा. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे भारतात बेकायदा आहे, तेव्हा परदेशातून येणाऱ्या मित्राला तो आणू नका, असे आधीच कळवावे. जोबरा ते चिका हा टप्पा झाडीतून आणि नदीच्या काठाने जाणारा, लहान आणि सुखद आहे.

चिका ते बालू का घेरा या दिवशी जवाऱ्याजवळ नाला ओलांडावा लागतो. हिमनदीचे पाणी सकाळी कमी असते आणि ऊन वाढेल तसे चढत जाते. दहा वाजता गुडघ्याएवढे असणारे पाणी दुपारी मांडीला लागू शकते. म्हणून लवकर निघावे. ओलांडताना सॅकचे कंबरेचे व छातीचे पट्टे सोडून ठेवावेत, म्हणजे तोल गेल्यास सॅक टाकून देता येते. अनवाणी उतरू नये, पट्ट्यांच्या सँडल घालाव्यात. प्रवाह जिकडून येतो तिकडे तोंड करून, एकमेकांचे दंड पकडून, एका वेळी एकच पाऊल उचलत आडवे सरकावे आणि पलीकडे पोहोचताच पाय कोरडे करून मोजे चढवावेत. इथे गप्पा आणि फोटो नकोत.

खिंडीचा दिवस आठ-नऊ तासांचा असतो. दुपारनंतर ढग भरून येतात, म्हणून पहाटे पाच-साडेपाचला निघावे आणि बारापर्यंत माथा न गाठल्यास परत फिरायचे, ही वेळ आधीच ठरवून ठेवावी. चढ एकूण सुमारे ६७० मीटरचा आहे, पण मोरेनच्या दगडांतून जाताना एकामागून एक माथे दिसतात आणि प्रत्येक वेळी हीच खिंड असे वाटते. सर्वांत हळू चालणाऱ्याला वाटाड्याच्या मागोमाग ठेवावे आणि लीडरने शेवटी राहावे. बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. वाक्य अर्धवट तुटू लागले की, वेग जास्त आहे. माथ्यावर स्वच्छ हवेत इंद्रासन (६,२२१ मीटर) आणि देव टिब्बा (६,००१ मीटर) ही शिखरे दिसतात. तिथे अर्ध्या तासाहून अधिक थांबू नये.

पलीकडची उतरण तीव्र आहे आणि बहुतेक घसरणे-मुरगळणे इथेच होते, कारण मन आधीच मुक्कामी पोहोचलेले असते. बर्फ असल्यास टाच जोराने रोवत उतरावे. घसरत खाली जाण्याची मजा वाटाड्याने जागा दाखवल्याशिवाय कोणी करू नये. शिया गोरूला रात्री सर्वांत जास्त गारठा असतो. त्या रात्री सर्वांची चौकशी पुन्हा एकदा, अधिक बारकाईने करावी. सकाळी लवकर नाला ओलांडून चंद्रा नदीच्या खोऱ्यात छत्रूला उतरावे.

छत्रूहून चंद्रतालला जीपने जाता येते. ४,२५० मीटरवरचे हे सरोवर २००५पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे आणि त्याच्या काठावर तंबू ठोकायला मनाई आहे. तंबूंची ठरलेली जागा अलीकडे आहे. तिथला मुक्काम आतापर्यंतच्या सर्व मुक्कामांपेक्षा उंच ठरतो, तेव्हा शिया गोरूला ज्याला किंचितही त्रास झाला असेल, त्याने सोबत ठरलेल्या मित्रासह छत्रूहूनच अटल बोगद्यामार्गे मनाली गाठावी. कचऱ्याची पोती घोडेवाल्यांच्या भरवशावर न सोडता मोजून जीपमध्ये चढवावीत, वाटाड्या आणि घोडेवाल्यांचे पैसे तिथेच चुकते करावेत आणि रेंज मिळताच प्रत्येकाने घरी फोन करावा.